उबाऱ्याची पाटी

"शवपेटी इथेच बघायला मिळेल ना?"

दारात उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी टोपी काढून हातात धरली होती. काउंटरमागे बसलेल्या दादाने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग आपल्या पाठीमागच्या फळ्यांकडे. फळ्यांवर जमिनीपासून छतापर्यंत लोकर होती. पिवळी, निळी, डाळिंबी, तान्ह्या बाळांसाठीची मऊ पांढरी. शवपेटी ठेवायला तिथे जागाच नव्हती.

"आजोबा, हे लोकरीचं दुकान आहे."

"लोकरीचं?" गृहस्थ दोन पावलं मागे सरकले, मान वर करून त्यांनी पाटी पाहिली आणि पुन्हा आत डोकावले. "माफ करा हं. पाटीवरून मला वाटलं... आमची ही काल गेली. काही सुचत नाहीये बघा."

दादाने लगबगीने खुर्ची पुढे केली, पाण्याचा पेला भरला. पण ते बसले नाहीत. टोपी घालायचं विसरून तसेच रस्त्याला लागले. दुःखात माणसाला भलतंच काहीतरी दिसतं, असं दादा स्वतःशी म्हणाला. स्वतःची समजूत घालण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

खरं तर आज स्वारी खुशीत होती. पिशवीत छपाईच्या धंद्याचं मासिक होतं आणि मासिकात पानभर फोटो होता, याच दुकानाच्या पाटीचा. काळ्या लाकडावर चुन्यासारखी पांढरी, जाड, टोकदार अक्षरं: उबारा. खाली दादाचं नाव. शनिवारची सुटी साधून तो ते पान बहिणीला दाखवायला आला होता. पण तो आत शिरला आणि ती चप्पल घालून बाहेर पडली. "दादा, जरा बस रे. जागेच्या मालकांकडे जाऊन आलेच." मासिक पिशवीतच राहिलं.

ही बहीण म्हणजे धाकटी. पन्नाशी आली तरी सगळ्यांची धाकटीच. लग्न होऊन गेली ती सासूच्या आजारपणात अडकली, सासू गेली तर सासरे अंथरुणाला खिळले. त्या सगळ्या वर्षांत तिच्या हातात सुया असायच्या. औषधाची वेळ होईपर्यंत चार ओळी, डॉक्टर येईपर्यंत आणखी चार. सासरे गेल्यावर एके दिवशी ती दादाच्या घरी आली आणि पदवी मिळाल्यासारख्या चेहऱ्याने म्हणाली, "मी लोकरीचं दुकान काढतेय. लोकर विकीन आणि विणायला शिकवीन. नाव उबारा. पाटी तू करायचीस. तुला आवडेल तशी."

तुला आवडेल तशी! दादाच्या आयुष्यात हे तीन शब्द त्याला कुणी ऐकवले नव्हते.

तो औषधांची खोकी छापणाऱ्या कारखान्यात अक्षरं मांडायचं काम करायचा. गोळीचं नाव, किती घ्यायची, मुलांच्या हाती लागू देऊ नका. तिथे आवडीनिवडीला कोण विचारतो? नव्या पोरांना तो तंबी द्यायचा, "खोकं हातभर लांब धरा. चष्मा हरवलेल्या म्हातारीला वाचता आलं तरच ते अक्षर. नाहीतर नुसती नक्षी." कारखान्यात त्याचा शब्द प्रमाण होता. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तसं झालं.

कारण त्याचा जीव जडला होता भलतीकडेच. छपाईवाले ज्याला ब्लॅकलेटर म्हणतात, त्या जुन्या काळ्या वळणावर. पूर्वी युरोपात रुंद टोकाच्या लेखणीने पोथ्या लिहायचे, तशी ही अक्षरं. उभ्या जाड रेघा, दोन रेघांमध्ये जेमतेम श्वास घेण्यापुरती फट, आणि प्रत्येक रेघेला वर-खाली हिऱ्यासारखा कोन. वर्तमानपत्राच्या माथ्यावर ती दिसतात, पदवीच्या कागदावर, थडग्यावर, दारूच्या बाटलीवर आणि कानठळ्या बसवणारी गाणी म्हणणाऱ्या पोरांच्या सदऱ्यावर. एका टोकाला देव आणि दुसऱ्या टोकाला दारू, अशी त्यांची ऐसपैस वस्ती. दादाने त्या वळणाची स्वतःची एक धष्टपुष्ट मराठी अक्षरजात काढली होती. वर्षानुवर्षं रविवारची दुपार तिच्यापायी गेली. बायको तिला 'माझी सवत' म्हणायची. "जेवायला येताय, की सवतीने वाढलंय?"

ही सवत त्याने ज्याला दाखवली त्याने नाक मुरडलं. खोकल्याच्या औषधाला ही अक्षरं लावली तर माणूस खोकल्याऐवजी भीतीने मरेल, असं कारखान्याचा मालक म्हणाला होता. त्यामुळे धाकटीने पाटीचं काम दिलं तेव्हा दादाला आकाश ठेंगणं झालं.

"अहो, लोकर मऊ असते," बायको म्हणाली होती. "ही अक्षरं बोचतात."

"तुला त्यातलं कळत नाही. या वळणाच्या सगळ्यात जुन्या घराण्याला नावच मुळी विणलेल्या कापडावरून पडलंय. भरलेलं पान दुरून बघ, कापडाचा पोत दिसतो. एकेक रेघ म्हणजे एकेक टाका! लोकरीच्या दुकानाला याहून शोभणारं अक्षर जगात नाही."

हे ऐकून धाकटीचे डोळे भरून आले होते. "बघ वहिनी, दादाने किती विचार केलाय." एवढ्या विद्वत्तेपुढे बिचाऱ्या वहिनीने काय बोलावं?

दार पुन्हा वाजलं. या वेळी दाराची चौकट भरून टाकणारा एक दाढीवाला आत आला. अंगात बिनबाह्यांचं चामड्याचं जाकीट, दंडावर गोंदलेला साप, बोटांना वंगणाचा काळा रंग. दादा सावरून बसला.

"ताई नाहीत?"

"येतील एवढ्यात. आपल्याला काय हवं होतं?"

दाढीवाल्याने जाकिटाची चेन उघडली आणि आतून सुयांवर अर्धवट विणलेला एक इवलासा मोजा बाहेर काढला. "टाच अडलीये हो. कालपासून उसवतोय आणि विणतोय. ताई म्हणाल्या होत्या तसंच केलं, पण भोक पडतंय." मग त्याने दादाला निरखून पाहिलं. "तुम्ही ताईंचे दादा का? पाटीवाले?"

"हो," दादा म्हणाला आणि त्याची छाती नकळत पुढे आली.

"काय पाटी आहे राव! ती बघूनच तर आलो होतो मी. मागच्या वर्षी, टॅटू काढून घ्यायला." दाढीवाला गडगडून हसला. "म्हटलं, अशी पाटी लावणारा माणूस सुई धरण्यात उस्ताद असणार. आत येऊन बघतो तर सुई आहे, पण ताईंच्या हातात! आमच्या घरी तेव्हा पाळणा हलायचा होता. ताई म्हणाल्या, टॅटू राहू दे, बाळाला टोपडं विण. बसलो. आता बायको म्हणते, गॅरेजमध्ये कमी आणि इथेच जास्त असता."

दादाही हसला. पण हसू पुरतं ओठांवर येईना.

"असं आणखी कुणी येतं का? चुकून?"

"रोज! कुणी टॅटूवाले, कुणी बिअर आहे का विचारणारे. एकदा तर दोघं जण थडग्याच्या दगडाचा भाव काढायला आले होते. ताई सगळ्यांना नीट पत्ता सांगतात. टॅटू मागच्या गल्लीत, बिअर चौकात, थडग्याचे दगड पुलाखाली. अहो, चौकशीच्या खिडकीवर बसवा त्यांना." हातातला मोजा न्याहाळत तो पुढे म्हणाला, "ज्यांनी यायचं त्या बायाबापड्या मात्र पलीकडच्या फुटपाथवरनं जातात. माझ्या सासूबाई वर्षभर इथूनच बाजाराला जात होत्या. म्हणाल्या, मला वाटलं दारूचा अड्डा आहे, म्हणून मी तिकडे बघायचेच नाही."

आजोबांसाठी भरलेला पेला तसाच होता. दादाने तो उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"आता महिनाअखेर दुकान बंद झालं की टाच कुणाला विचारायची, सांगा," दाढीवाला म्हणाला. मग दादाचा चेहरा पाहून त्याचं बोलणं अडलं. "तुम्हाला... ताईंनी सांगितलं असेल ना?"

"हो, हो," दादा म्हणाला. "सांगितलंय."

दाढीवाला खिडकीजवळच्या स्टुलावर बसून मोजा उसवू लागला. दादा उठला आणि बाहेर आला. रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर, बायाबापड्यांच्या फुटपाथवर, जाऊन उभा राहिला आणि त्याने पाटीकडे पाहिलं. असं लांबून त्याने तिला कधी पाहिलंच नव्हतं. तो दरवेळी तिच्या अगदी खाली, मान वर करून उभा राहायचा, देवासमोर राहावं तसा. इथून ती एखाद्या लोखंडी कुंपणासारखी दिसत होती. भाल्यांचं कुंपण, आणि मागे कुणीतरी दार लावून बसलेलं. नाव त्याला वाचता येत होतं, कारण त्यानेच ते काढलं होतं.

तिथे उभं असताना त्याला ती संध्याकाळ आठवली. ती तो विसरला होता असं नाही. तो ती आठवत नसे, एवढंच. दुकान उघडून काही आठवडे झाले होते आणि धाकटी घरी आली होती. चहा पिऊन झाला तरी कप हातातच धरून ती म्हणाली, "दादा, पाटीखाली बारीक अक्षरात नुसतं 'लोकर आणि विणकाम' असं लिहिलं तर? साध्या अक्षरात. तुझ्या पाटीला हात नाही लावायचा."

आणि तो खेकसला होता. "भरजरी शालूला गोणपाटाचं ठिगळ लावायचं? लोकांची नजर तयार व्हायला वेळ लागतो. धीर धर जरा!" मग ती हिरमुसली असं पाहून त्याने आवाज खाली आणला. "मासिकवाले फोटो काढून जाऊ देत. मग बघू."

मासिकवाले आले, फोटो काढून गेले. 'मग' काही आलं नाही. धाकटीने पुन्हा विषय काढला नाही, आणि तिने काढला नाही याचं त्याला बरंच वाटलं होतं. चष्मा हरवलेल्या म्हातारीची काळजी वाहणारा हा शहाणा माणूस! जगातल्या सगळ्या म्हाताऱ्यांची त्याला काळजी होती. फक्त पाठची बहीण काय सांगते ते त्याला ऐकू आलं नव्हतं.

धाकटी परतली तेव्हा तो फुटपाथवरच होता.

"अरे, इथे काय करतोयस? आत कोण आहे?"

"तुझा दाढीवाला. टाच अडलीये." मग त्याने विचारलं, "दुकान बंद करतेयस?"

तिने पदराने कपाळ टिपलं. "त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. आज सांगणारच होते तुला."

"पाटीमुळे?"

"पाटीचा काय संबंध? हल्ली तयार स्वेटर इतके मिळतात, विणायला वेळ कुणाला आहे? शिवाय जागाही आडबाजूला."

"धाकटे, समोर बसथांबा आहे. ही आडबाजू?"

बस आली, माणसं उतरली, त्यांतल्या दोन बायका दुकानाच्या समोरून झपझप निघून गेल्या. दोघा भावंडांनी त्या जाताना पाहिल्या आणि दोघांनीही त्या पाहिल्या नाहीत असं दाखवलं.

"मी आजच पाटी बदलतो," दादा घाईघाईने म्हणाला. "संध्याकाळपर्यंत नवी करतो. मालकांना सांग, आणखी सहा महिने..."

"त्यांनी जागा दुसऱ्याला दिलीसुद्धा. आत्ता तेच ठरवून आले." तिने त्याच्या दंडाला हात लावला. "तोंड पाडू नकोस रे. हौस केली, झालं. सगळ्यांच्या हौशी थोड्याच पुऱ्या होतात? पिशवीत काय आणलंस? मघापासून बघतेय, काहीतरी दाखवायचंय तुला."

"काही नाही."

"दाखव ना."

तिने स्वतःच पिशवीत हात घालून मासिक काढलं. पान शोधायला लागलंच नाही, दादाने इतक्या वेळा उघडलं होतं की मासिक आपसूक तिथेच उघडलं. धाकटी रस्त्यात उभी राहून ते पान बघत राहिली. तिचा चेहरा खरोखर उजळला. कसलंही नाटक नव्हतं त्यात, आणि तेच दादाला सोसवेना. तिने शिव्या दिल्या असत्या तर त्या त्याने अंगभर लावून घेतल्या असत्या.

"बघ, माझ्या दुकानाचा फोटो छापून आला," ती म्हणाली. "कारखान्यात सगळ्यांना दाखवलास ना?"

"दाखवला."

"छान केलंस."

महिनाअखेर जवळ आली तशी तिने एक काम सांगितलं. "दादा, काचेवर लावायला एक पाटी लिहून दे. दुकान बंद होतंय, लोकर निम्म्या किमतीत. साधीच लिही हं." 'साधीच' म्हणताना ती जरा चाचरली, जसं काही तिने पुन्हा त्याच्या शालूला ठिगळ लावायला सांगितलं होतं.

त्याने घरी पुठ्ठा घेतला. हाताला ओढ काळ्या अक्षरांची, पण त्या रुंद टोकाच्या लेखण्यांची फळीवरची पेटी त्याने उघडली नाही. खोक्यांवर रोज मांडायचा तसली अक्षरं काढली. गोल, उघडी, एकमेकांपासून अंतर राखून बसलेली. 'लोकर' हा शब्द सगळ्यात मोठा. लिहून झाल्यावर पुठ्ठा भिंतीला टेकवून तो खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला गेला आणि बायकोला हाक मारली.

"चष्मा काढ आणि वाच."

बायकोने चष्मा काढून घडाघडा वाचलं. सवतीचं नाव तिने काढलं नाही. त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

शेवटच्या शनिवारी दुकानात पाऊल ठेवायला जागा नव्हती. पाटी काचेवर लागून चारच दिवस झाले होते. बायका आत शिरत होत्या, लोकरीचे गुंडे दाबून बघत होत्या, गालाला लावत होत्या. एकीने दुसरीला हाक मारून रस्त्यावरून बोलावलं. वर्षभर जे व्हायला हवं होतं ते सगळं एका दुपारी होत होतं. दादा कोपऱ्यात पिशव्या भरून देत होता आणि प्रत्येक पिशवीगणिक त्याचा चेहरा उतरत होता.

"अगंबाई, इथे लोकर मिळते?" काउंटरशी आलेली एक बाई म्हणाली. तिच्या हातात डाळिंबी लोकरीच्या जाड लडी होत्या. "मी रोज या थांब्यावर उतरते हो. आणि लोकर आणायला बस बदलून पार बाजारात जाते! आधी कळलं असतं तर शिकायलाही आले असते. वरती ती पाटी कुणी लावली तशी? काय आहे तेच कळत नाही."

दादाच्या हातातली पिशवी हातातच राहिली.

"माझीच निवड," धाकटी हसत म्हणाली. "दादा सांगत होता साधी लाव म्हणून. मीच ऐकलं नाही. मला ती फार आवडली होती."

बाई "असू दे, असू दे" म्हणाली. दादाने तोंड उघडलं, पण तेवढ्यात दाढीवाला गर्दीतून वाट काढत त्याच्यापाशी आला. शिडी घेऊन आला होता. "दादा, पाटी उतरवतो. टाकू नका हं, मला द्या. गॅरेजवर अशीच हवी मला. पाठीमागच्या बाजूला माझं नाव काढून द्याल? गॅरेजला एकदम शोभेल बघा."

आणि ती शोभली असती. दादाच्या डोळ्यांसमोर ती लगेच उभी राहिली, गाड्यांच्या ओळीवर, वंगणाने काळ्या पडलेल्या भिंतीवर, अगदी जिथली तिथे. अक्षरांचा काही दोष नव्हता. त्याने मान हलवली. ती होय म्हणून हलली की नाही म्हणून, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. दाढीवाल्याने होय धरलं आणि तो शिडी घेऊन बाहेर गेला.

"या लडी अशाच नेऊ नका," धाकटी त्या बाईला सांगत होती. "घरी गुंता होतो. गुंडे करून देते, दोन मिनिटं थांबा. दादा, इकडे ये. हात पुढे कर."

लहानपणी आई लोकर उघडायची तेव्हा लड धरायचं काम त्याचंच असायचं आणि गुंडा वळायचं धाकटीचं. तो पुढे झाला. दोन्ही हात त्याने समोर धरले आणि धाकटीने डाळिंबी लड त्याच्या मनगटांभोवती चढवली. टोक शोधलं. धागा सुटायला लागला. बाहेर शिडी टेकल्याचा आवाज झाला, मग खिळे उपटल्याचा.

"धाकटे," तो हळू आवाजात म्हणाला. "तू तेव्हा घरी आली होतीस ना, मला विचारायला, तेव्हा मी..."

त्याचे हात खाली आले. लड सैल झाली.

"हात खाली नको आणूस, दादा," ती म्हणाली. तिची नजर तिच्या बोटांतल्या धाग्यावर होती. "गुंता होईल."

त्याने हात वर केले. धागा एकदा या मनगटावरून, एकदा त्या मनगटावरून सुटत राहिला आणि तिच्या मुठीतला गुंडा मोठा होत गेला. दारातून माणसं येतच होती. हात तसेच पुढे धरून तो प्रत्येकाला वाट द्यायला थोडा थोडा बाजूला सरकत राहिला.